मुलांचे चॉकलेटचे दूध : पूड घरीच करावी

थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. मूल नुसते दूध पीत नाही, दुधात कोणती पावडर घालावी? यंदा त्यात थोडी भर पडली आहे. शहरात शिकायला गेलेली मुले सुटीत घरी येतात आणि 'हॉट चॉकलेट' मागतात. त्याचा तयार डबा महाग पडतो, तो घरी करता येईल का, असे दोन-तीन भगिनींनी विचारले आहे. करता येतो, आणि अर्ध्या तासात होतो. परंतु कृती सांगण्याआधी डब्यात काय असते ते पाहिले पाहिजे. नाहीतर आपण घरी तेच करू, फक्त स्वस्तात.

दुकानात गेल्यावर आपल्यापुढे तीन निरनिराळ्या वस्तू येतात आणि आपण तिन्हींना 'चॉकलेट पावडर' म्हणतो. पहिली कोको पावडर. ही कडू असते, तिच्यात साखर नसते. दुसरी 'ड्रिंकिंग चॉकलेट', म्हणजे कोको आणि भरपूर साखर. तिसरी माल्टची पेये. यात बार्लीला किंवा गव्हाला मोड आणून केलेले माल्ट, दूध पावडर, साखर, थोडा कोको आणि वरून टाकलेली जीवनसत्त्वे असतात. जाहिराती असतात त्या मुख्यतः या तिसऱ्या प्रकारच्या. शुद्ध कोको ओळखायचा तर चिमूटभर जिभेवर ठेवावा. गोड लागला तर तो नुसता कोको नव्हे.

आता डबा उलटा करून मागचा मजकूर वाचा. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सर्वांत जास्त ते पहिले. २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती, हे दोन्ही आकडे वेगळे द्यावे लागतात. अक्षरे बारीक असतात, चष्मा लावून वाचा, पण वाचा. अनेक डब्यांवर शंभर ग्रॅम पावडरीत तीस-चाळीस ग्रॅम साखर आढळते.

याचा हिशेब मी माझ्या दवाखान्यात आयांना कागदावर मांडून दाखवतो. समजा, शंभर ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅम साखर आहे. एका पेल्यात वीस ग्रॅम पावडर घातली की आठ ग्रॅम साखर गेली. 'गोड लागत नाही' म्हणून आई वरून दोन चमचे साखर घालते, म्हणजे आणखी दहा ग्रॅम. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. झाले छत्तीस ग्रॅम! चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे उष्मांक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की अशा साखरेतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या एक दशांशापेक्षा कमी असावेत, आणि विसाव्या हिश्शाच्या आत राहिले तर अधिक चांगले. एक ग्रॅम साखर चार उष्मांक देते. म्हणजे या मुलाची वरची मर्यादा सुमारे चौतीस ग्रॅम, आणि चांगली मर्यादा सतरा. बिस्किट, जाम, शाळेबाहेरची गोळी यांतले काहीही धरलेले नसताना, 'पौष्टिक' म्हणून दिलेल्या दोन पेल्यांनीच मर्यादा ओलांडली.

पौष्टिक या शब्दावरून आठवले. ही पेये वर्षानुवर्षे 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकली गेली. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्यात 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाची व्याख्याच नाही. अखेर एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आणि पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका. वस्तू तीच राहिली, फळीवरची पाटी तेवढी बदलली. ही पेये विष आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांत जीवनसत्त्वे, लोह घातलेले असते, आणि अधूनमधून एखादा पेला प्यायल्याने काही बिघडत नाही. माझे म्हणणे एवढेच की तो खाऊ आहे, टॉनिक नव्हे. घरच्या बजेटात त्याला भाजी, डाळ, अंड्यांच्या आधी जागा देऊ नये. महिन्याचा किराणा उधारीवर आणणाऱ्या घरातही हा डबा रोख पैशाने येतो, हे मी पाहिले आहे, आणि त्या घरातल्या मुलाच्या ताटात मात्र नुसता भात आणि पाणीदार वरण असते.

कोकोबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण वस्तू मोठी गमतीची आहे. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. त्याच्या फळातील बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या की तेलकट गोळा होतो. त्यातील चरबी दाबून काढून उरलेल्या पेंडीची पूड करण्याचे यंत्र नेदरलँड्समधील व्हान हाउटन यांच्या कारखान्यात १८२८ साली निघाले. आपण पेल्यात घालतो ती पूड तेव्हापासूनची. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो. मंगळूरला १९७३ साली सुपारी व कोको उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था निघाली आणि १९८६ पासून पुत्तूरला तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात हे सांगायला हरकत नाही!

बाजारात कोको दोन तऱ्हेचा मिळतो. फिकट तपकिरी असतो तो साधा, चवीला आंबूस-कडू. गडद, जवळजवळ काळपट असतो त्यावर क्षाराची प्रक्रिया केलेली असते. तो चवीला मवाळ लागतो, परंतु कोकोतील ज्या द्रव्यांचे गुण वर्तमानपत्रांत गायले जातात ती त्या प्रक्रियेत बरीच कमी होतात. साधा मिळाला तर साधा घ्या, नाहीतर दुसरा चालेल. एका पेल्यात कोको जातो तो अर्धा चमचा किंवा चमचाभर, त्यातून औषधाची अपेक्षा करू नये. "कोकोत लोह असते ना?" असे विचारतात. असते, पण अडीच ग्रॅम कोकोतून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, आणि तेही शरीर नीट शोषून घेत नाही.

आता कृती. पन्नास ग्रॅम कोको, शंभर ग्रॅम साखर आणि दीडशे ग्रॅम मोड आणलेल्या नाचणीचे पीठ. वाट्या प्रत्येकाच्या घरी निराळ्या असतात म्हणून वजन दिले आहे, वाण्याकडे तोलून आणावे. चिमूटभर मीठ, आणि चवीला थोडे जायफळ किंवा चार-पाच वेलदोडे. मीठ विसरू नका. त्याने कोकोचा कडूपणा दबतो आणि साखर कमी लागते. साखर आणि वेलदोडे आधी मिक्सरमधून बारीक करावे, मग कोको, मीठ, जायफळ घालून पुन्हा एकदा फिरवावे. भांड्याचे झाकण लगेच उघडू नये, पाच मिनिटे थांबावे, नाहीतर अर्धा कोको नाकात जातो. मग नाचणीचे पीठ मिसळून सर्व मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळावे. कोकोत चरबी असल्याने त्याच्या गुठळ्या होतात आणि तो दुधावर नुसता तरंगत राहतो. साखरेबरोबर दळला की त्याचे कण सुटे होतात, चाळण्याचे कारण तेच.

ही पूड तीनशे ग्रॅम होते, म्हणजे पंधरा ग्रॅमप्रमाणे वीस पेल्यांची. पंधरा ग्रॅम म्हणजे शिगोशीग भरलेले चहाचे साधारण तीन चमचे. एकदा आपल्या चमच्याने मोजून घ्यावे. पेल्याला साखर पडली पाच ग्रॅम. वरून साखर घालायची नाही, हे घरातील आजी-आजोबांनाही बजावून ठेवावे. पहिली बरणी संपली की पुढच्या वेळी साखर पाऊणशे ग्रॅम घ्या. मुलांच्या लक्षातही येत नाही. एकदम निम्मी केली तर मात्र ताबडतोब लक्षात येते आणि सगळा बेत फसतो.

नाचणीचे पीठ विकतही मिळते, बऱ्याच गावांत महिला बचत गट करतात. घरी करायचे तर नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. थंडीत मोड यायला दीड-दोन दिवस लागतात. मग सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतून, हाताने चोळून मोड पाखडून टाकावे आणि दळून आणावी. नाचणीतील कॅल्शियम बरेचसे तिच्या सालीत असते, म्हणून पीठ वस्त्रगाळ करून पांढरेशुभ्र करण्याचा हव्यास नको. चाळणीत राहिलेला कोंडा थालीपिठात घालावा. मोड आणल्याने पिष्ट फोडणारे पाचक द्रव्य तयार होते, त्यामुळे शिजवल्यावर पीठ खळीसारखे घट्ट होत नाही आणि पचायलाही हलके पडते. माल्ट म्हणतात ते याहून वेगळे नाही. बार्लीऐवजी नाचणी, एवढेच.

येथे एक गोष्ट सरळ सांगतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे खरे. पण आपल्या पेल्यात नाचणी पडते साडेसात ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम पंचवीस-सव्वीस मिलिग्रॅम. त्याच पेल्यातील दीडशे मिलिलीटर गाईचे दूध पावणेदोनशेच्या वर देते. तेव्हा नाचणी इथे दाटपणासाठी आणि चवीसाठी आहे, तिच्यामुळे कमी साखरेतही पेला भरल्यासारखा वाटतो. नाचणीचा खरा लाभ हवा असेल तर भाकरी करा, आंबील करा. भाकरीला चाळीस ग्रॅम पीठ धरले तरी एकशे चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम होते. ज्यांच्या घरी रोज नाचणीची भाकरी आहे त्यांनी या पुडीतून नाचणी वगळली तरी चालेल. मग पूड अर्धीच होईल, आणि पेल्याला साडेसात ग्रॅम पुरे.

पेला करताना पूड एकदम उकळत्या दुधात टाकू नये. आधी दोन-तीन चमचे कोमट दुधात किंवा पाण्यात कालवून गंधासारखी करावी, मग उरलेले दूध ओतून मंद आचेवर ढवळत चार-पाच मिनिटे उकळावे. पिठात नाचणी आहे, ती शिजलीच पाहिजे. तयार डब्याप्रमाणे नुसते गरम दूध ओतून हे देऊ नये, कच्चे पीठ पोटात दुखवते.

वसतिगृहात राहणाऱ्यांची अडचण निराळी. तिथे दूध नाही, गॅस नाही, जेमतेम गरम पाण्याची किटली. त्यांच्यासाठी दीडशे ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, चाळीस ग्रॅम कोको, साठ ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ एकत्र दळून चाळून द्यावे. पंचवीस ग्रॅमप्रमाणे दहा पेले होतात. एका पेल्यात पाच ग्रॅम प्रथिने आणि वरून घातलेली साखर सहा ग्रॅम. दूध पावडर घेताना मात्र 'डेअरी व्हाइटनर' घेऊ नका. त्यात बहुधा साखर घातलेलीच असते, मग आपला सारा हिशेब चुकतो. पाकिटावर 'स्किम्ड मिल्क पावडर' असे हवे. पाणी आधी चांगले उकळलेले असावे. ही पूड करून मगच नाचणीचा मोह झाला तर आवरावा, कारण इथे शिजवायची सोय नाही.

साखरेऐवजी गूळ घालू का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. गूळ हवेतील ओल ओढतो, पूड दोन दिवसांत ढेकळे धरते. शिवाय उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याचा संभव असतो. आणि गूळ झाला तरी तो साखरच. त्यातील लोहासाठी तो खायचा तर इतका खावा लागेल की नको ते लोह. मधाचेही तेच. एक वर्षाच्या आतील बाळाला तर मध अजिबात देऊ नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळगुटीच्या वेळी चाटवतात तोही नको.

आता ज्या कारणाने हा विषय मी घेतला ते सांगतो. माझ्याकडे एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. तक्रार अशी की पोर जेवत नाही, चिडचिड करते, खेळताना लवकर दमते, भिंतीची माती खाते. "पण डॉक्टर, दूध मात्र छान पितो हो! दिवसातून चार पेले. चॉकलेटची पावडर घातली की बाटलीभर संपवतो." पोराच्या पापणीची आतली बाजू कागदासारखी फिकट होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेसात. त्या आजींचा समज असा की दूध पोटात जाते आहे तोवर काळजी नाही. नेमके उलटे होते. दुधात लोह जवळजवळ नसते. चार पेले गोड दुधाने पोट भरते, मग भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे यांना जागा उरत नाही, आणि दुधातील कॅल्शियम व कोकोतील तुरट द्रव्ये जेवणातील लोहही पुरते शोषू देत नाहीत. मूल वजनाने बरे दिसते, गालही गुबगुबीत असतात. म्हणून आजार कोणाच्या लक्षात येत नाही.

हे एखाद्याच घरातले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातील सदुसष्ट मुलांत रक्त कमी आढळले. सगळे दुधाने होते असे नव्हे. जंत, अपुरा आहार, आईच्याच अंगात रक्त कमी, अशी अनेक कारणे आहेत. परंतु ज्या घरात खायला आहे आणि तरी मुलाचे रक्त कमी आहे, तिथे मी पहिला प्रश्न विचारतो : दूध किती पेले? एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात अर्धा लीटरपेक्षा जास्त दूध देऊ नये, आणि जेवणापूर्वीच्या दोन तासांत तर देऊच नये. चॉकलेटचा पेला त्यातलाच एक धरावा, वरचा नव्हे. त्या नातवाला मी लोहाचे औषध दिले, बाटली बंद केली आणि दुधाचे दोनच पेले ठेवले. पहिले चार दिवस घरात रणकंदन झाले म्हणे. पाचव्या दिवशी त्याने आपणहून वरणभात मागितला.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती गोळी किंवा डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध दुधाबरोबर, चहाबरोबर वा या चॉकलेटबरोबर घेऊ नये. दोन तासांचे अंतर असावे. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास उत्तम. गरोदर स्त्रियांनीही हे लक्षात ठेवावे, कारण रात्री गोळी आणि पाठोपाठ दुधाचा पेला ही आपल्याकडची नेहमीची चाल आहे.

दोन वर्षांच्या आतील मुलांना हे पेय मुळीच नको. त्या वयात वरची साखर नसावीच, आणि एकदा गोडाची चव लागली की साधे दूध ते तोंडातून बाहेर काढतात. मोठ्या मुलांना दिवसातून एकदा पुरे. कोकोने झोप उडते का, असे एका शिक्षकांनी विचारले आहे. आपल्या पेल्यात कॅफिन जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम, चहाच्या कपात त्याच्या कितीतरी पट असते. तरीही झोपेच्या तोंडावर न देता संध्याकाळी द्यावे, म्हणजे दात घासायलाही वेळ मिळतो. गोड दूध पिऊन तसेच झोपलेल्या मुलांचे पुढचे दात किडलेले मी रोज पाहतो. घरात कुत्रा असेल तर त्याला मात्र हे चाटायलाही देऊ नका. कोकोतील एक द्रव्य माणसाला निरुपद्रवी, कुत्र्याला विषारी.

मोठ्यांपैकी ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी कोको बेताने घ्यावा, कारण त्यात ऑक्झलेट बरेच असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्यांना जेवणानंतर छातीत जळजळते त्यांना रात्रीच्या चॉकलेटने ती वाढते असा पुष्कळांचा अनुभव आहे. चॉकलेटने अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडतो. मधुमेही वाचकांनी साखर आणि नाचणी दोन्ही वगळून पाव चमचा कोको, वेलदोडा आणि साय काढलेले दूध एवढेच घ्यावे, आणि ते दूध दिवसाच्या हिशेबात धरावे. दुधाची स्वतःची साखर असतेच.

पूड काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावी. थंडीत महिनाभर चांगली राहते, पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच करावी. चमचा ओला नको. खवट वास आला किंवा जाळी धरलेली दिसली तर चाळून वापरण्याची काटकसर करू नये, टाकून द्यावी.